थंडरचे विजेतेपद: संघ हरून बांधला की हेरून?

चक्रधर

ओक्लाहोमा सिटी थंडरने २२ जून २०२५ रोजी अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सवर १०३-९१ अशी मात करून एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले. नियमित मोसमात ६८ विजय आणि १४ पराभव, सामन्यामागे सरासरी जवळजवळ १३ गुणांचे विजयी अंतर, जे लीगच्या इतिहासातील सर्वाधिक आहे, आणि १९७७ च्या पोर्टलंडनंतरचा सर्वांत तरुण विजेता संघ, हे सर्व आपण पाहिलेच आहे, त्यामुळे सामन्यांचे वर्णन करण्यासाठी हा धागा काढलेला नाही.

गेले काही दिवस जिथे पाहावे तिथे एकच निष्कर्ष वाचायला मिळतो की थंडरने काही वर्षे मुद्दाम हरून (यालाच टँकिंग म्हणतात) ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले, वरचे पिक (निवडीचे क्रमांक) मिळवले आणि आता ते त्याचे फळ खात आहेत. मला हा निष्कर्ष निम्माही खरा वाटत नाही. शे गिल्जियस-अलेक्झांडर जुलै २०१९ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून आला, तेव्हा थंडर हा ४९ सामने जिंकून बाद फेरी गाठलेला संघ होता. कवाय लेनर्डने क्लिपर्सकडे येण्यासाठी पॉल जॉर्जला सोबत आणण्याची अट घातली आणि सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी क्लिपर्सची ती निकड ओळखून शे, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीतील पाच पिक आणि दोन पिकांच्या अदलाबदलीचे हक्क एवढे सगळे पदरात पाडून घेतले. त्याच पाच पिकांपैकी एकातून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला.

उरलेल्यांचेही पाहा. लू डोर्टला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते, ॲरन विगिन्स पंचावन्नावा होता, आयझेया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिले होते, हार्टेनस्टाइन फ्री एजंट (करारमुक्त खेळाडू) म्हणून आला आणि करूसो ट्रेडमधून (संघांमधल्या अदलाबदलीतून) आला. मुद्दाम हरून मिळवलेला म्हणावा असा ठळक खेळाडू एकच, तो म्हणजे २०२२ चा दुसरा पिक चेट होल्मग्रेन. मग या विजेतेपदाला टँकिंगचे यश म्हणायचे की व्यवहारचातुर्याचे?

खटपट्या

चक्रधर, तुमची मांडणी नीटनेटकी आहे, पण त्यात सोयीच्या बाजूला जास्त प्रकाश पडला आहे. २०२०-२१ मध्ये २२ विजय आणि ५० पराभव, त्यापुढच्या मोसमात २४ विजय आणि ५८ पराभव, हे आकडे व्यवहारचातुर्याचे नव्हेत. मार्च २०२१ मध्ये अल हॉरफर्डसारख्या धडधाकट, अनुभवी खेळाडूला उरलेला पूर्ण मोसम बाकावरसुद्धा न बसवता घरी ठेवले होते, आणि जिंकण्याची इच्छा असलेला संघ असे करत नाही.

शिवाय तुमची मोजणी एकावर थांबते, ती पुढे न्यायला हवी. करूसो ट्रेडमधून आला हे खरे, परंतु त्याच्या बदल्यात जॉश गिडी दिला गेला आणि गिडी हा २०२१ चा सहावा पिक होता, जो हरण्यातूनच आला होता. केसन वॉलेस दहाव्या क्रमांकावर मिळाला, त्यासाठी थंडरने स्वतःचा बारावा पिक डॅलसला दिला आणि सोबत डॅलसला नकोसा झालेला डाविस बर्टान्सचा करार उचलला. तो करार उचलायला पगाराच्या यादीत जागा होती, कारण संघात महागडे खेळाडूच नव्हते. म्हणजे होल्मग्रेन, करूसो आणि वॉलेस, असे अंतिम मालिकेत महत्त्वाची मिनिटे खेळलेले तीन जण त्या पडत्या काळाचे देणे आहेत.

मृण्मयी_ज

२ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसने थंडरला १५२-७९ असे हरवले होते. ७३ गुणांचा तो फरक एनबीएच्या इतिहासातील सर्वांत मोठा आहे. तो सामना शेवटच्या शिटीपर्यंत पाहणाऱ्या प्रत्येकाला विजेतेपदाची एक अंगठी मिळायला हवी, असा माझा प्रस्ताव आहे.

गणिती

खटपट्या यांची मोजणी मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मान्य नाही. हरणे ही संघबांधणीची पद्धत असती, तर सर्वाधिक हरणारा संघ सर्वाधिक यशस्वी झाला असता. फिलाडेल्फियाने सॅम हिंकी यांच्या काळात हाच प्रयोग उघडपणे केला, २०१५-१६ मध्ये फक्त १० सामने जिंकले, जोएल एम्बीडसारखा एमव्हीपीही (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) मिळवला, आणि तरीही एम्बीडसह तो संघ आजवर दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेला नाही.

त्यातही २०१९ पासून लॉटरीचे (ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीचे) नियम बदलले असून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, म्हणजे १४ टक्के, असते. थंडरला २०२१ च्या लॉटरीत सहाव्या क्रमांकापर्यंत घसरावे लागले. त्याच वेळी ह्यूस्टनचा पिक पहिल्या चारांबाहेर गेला असता तर तो थंडरकडे आला असता, पण ह्यूस्टन दुसऱ्या क्रमांकावर आले आणि तो हक्कही हुकला. यंदाच पाहा, फिलाडेल्फियाचा पिक पहिल्या सहाबाहेर जाता तर थंडरला मिळाला असता, पण तो तिसरा लागला. आणि डॅलसने लुका डॉन्चिचला घालवून अवघ्या १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक मिळवला. लॉटरीला न्यायबुद्धी असती तर या शेवटच्या घटनेनंतर तिने स्वतःच राजीनामा दिला असता.

आडवाट

मला या विजेतेपदाची गोष्ट २०१९ च्या ऐवजी २००७ पासून सांगावीशी वाटते. ती थोडी लांब आहे, पण वाचकांनी धीर धरावा.

संघ तेव्हा सिएटलमध्ये होता आणि प्रेस्टी नुकतेच सरव्यवस्थापक झाले होते. फीनिक्सला लक्झरी टॅक्स (जास्त पगारखर्चावरचा कर) वाचवायचा होता, म्हणून त्यांनी कर्ट थॉमस हा अनुभवी खेळाडू आणि सोबत पहिल्या फेरीतील दोन पिक जवळजवळ फुकटात सिएटलला दिले. त्यांपैकी २००८ च्या पिकातून चोविसाव्या क्रमांकावर सर्ज इबाका निवडला गेला. इबाका आठ वर्षांनी, म्हणजे २०१६ मध्ये, ऑर्लँडोला दिला आणि त्याच्या बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो, एर्सान इल्यासोवा आणि त्याच रात्री ड्राफ्ट झालेला डोमांटास सॅबोनिस मिळाले. वर्षभराने ओलाडिपो आणि सॅबोनिस इंडियानाला देऊन पॉल जॉर्ज आणला. आणि पॉल जॉर्जच्या बदल्यात काय मिळाले, हे चक्रधर यांनी वर लिहिलेच आहे.

आता दुसरी फांदी पाहा. इंडियानाकडे गेलेला सॅबोनिस तिथे ऑल-स्टार झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानाने त्याला सॅक्रामेंटोला देऊन टायरीस हॅलिबर्टन मिळवला. म्हणजे यंदाच्या अंतिम मालिकेत दोन्ही बाजूंना जे मुख्य सूत्रधार उभे होते, ते दोघेही एका संघाला कर वाचवायचा होता म्हणून दिल्या गेलेल्या एका पिकाच्या वंशावळीत बसतात. या साखळीत थंडरने प्रत्येक वेळी समोरच्याची घाई हेरलेली आहे. फीनिक्सला पैशांची घाई होती आणि क्लिपर्सना लेनर्डची. त्यामुळे माझा कौल शीर्षकातल्या दुसऱ्या शब्दाला आहे.

खटपट्या

आडवाट, वंशावळ उत्तम आहे, पण २००७-०८ मध्ये सिएटलने २० सामने जिंकले आणि पुढच्या मोसमात ओक्लाहोमा सिटीत २३, हे त्यात कुठे दिसले नाही. ड्युरंट दुसरा, वेस्टब्रुक चौथा आणि हार्डन तिसरा पिक होता. प्रेस्टी यांनी हाच डाव दोनदा खेळला आहे.

इंडियानाकर

या धाग्यावर हरलेल्या बाजूचेही कोणी असावे म्हणून लिहितो. पेसर्सच्या व्यवस्थापनाला मुद्दाम हरणे कधीच मान्य नव्हते आणि त्याबद्दल त्यांना वर्षानुवर्षे हिणवले गेले की तुम्ही ना धड वर जाता, ना धड खाली येता. तरीही हा संघ उभा राहिला. माइल्स टर्नर २०१५ चा अकरावा पिक, अँड्र्यू नेम्बहार्ड दुसऱ्या फेरीतला एकतिसावा, टी. जे. मॅककॉनेलला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलेच नव्हते, ॲरन नेस्मिथ बॉस्टनला फारसा उपयोगाचा वाटला नव्हता आणि पास्कल सिआकमला जानेवारी २०२४ मध्ये टोरंटोकडून आणले. या मोसमाची सुरुवात १० विजय आणि १५ पराभवांनी झाली होती, आणि शेवट अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात झाला.

त्या सातव्या सामन्याबद्दल एवढेच म्हणेन की हॅलिबर्टन पोटरीच्या दुखापतीसह उतरला, पहिल्या सात मिनिटांत त्याने तीन थ्री-पॉइंटर टाकले आणि मग त्याच्या उजव्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. तो गेल्यानंतरही मध्यंतराला आम्ही ४८-४७ असे पुढे होतो. संघबांधणीच्या चर्चेत हे विसरले जाऊ नये की दोन बांधण्यांमधला अंतिम फरक एका पायाचा होता.

रेखांश

इंडियानाकर, हॅलिबर्टनची दुखापत पाहून थंडरच्या चाहत्यांनाही वाईट वाटले. परंतु विजेतेपदाला त्यामुळे तारांकित टीप लावावी, असे मला वाटत नाही. जेलन विल्यम्स उजव्या मनगटाचा स्नायुबंध फाटलेला असताना संपूर्ण बाद फेरी खेळला आणि ते आपल्याला नंतर कळले. त्याच हाताने त्याने पाचव्या सामन्यात ४० गुण केले.

शिवाय मालिका खरी फिरली ती चौथ्या सामन्यात. तुम्ही २-१ असे पुढे होता, तो सामना तुमच्याच मैदानावर होता आणि चौथ्या सत्राच्या सुरुवातीला आघाडीही तुमचीच होती. शेने शेवटच्या पाचेक मिनिटांत १५ गुण केले. तिथे ३-१ झाले असते तर आज हा धागा पेसर्सच्या संघबांधणीवर निघाला असता आणि टँकिंग कसे व्यर्थ आहे हे सर्वांनी एकमेकांना समजावले असते.

इंडियानाकर

तो धागा मी स्वतः काढणार होतो. मसुदा तयार होता.

सिएटलकर

संघबांधणीची गोष्ट २००७ पासून सांगायचीच असेल, तर आडवाट यांनी गाळलेले एक प्रकरण मी जोडतो. २००८ मध्ये हा संघ सिएटलमधून उचलून नेला गेला. शहराने केलेला दावा तडजोडीत संपला, ४५ दशलक्ष डॉलर शहराला मिळाले, सुपरसॉनिक्स हे नाव आणि रंग मागे राहिले, आणि ड्युरंट गेला, वेस्टब्रुक गेला, इबाकाही गेला. तुम्ही ज्या पिकाला मूळपुरुष म्हणता, तो इथल्या संघाच्या हिशेबात मिळालेला होता. १९७९ चे विजेतेपद आम्ही आजही आमचेच मानतो.

मी इथे राहायला आलो तेव्हा संघ जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी जून महिन्यात शेजारच्या ज्येष्ठ गृहस्थांनी अंतिम मालिकेच्या सातही सामन्यांना इंडियानाचा पिवळा शर्ट घातला. त्यांना इंडियानाबद्दल विशेष प्रेम नाही.

प्रेस्टी हुशार आहेत यात वाद नाही. पण छोट्या शहराने चिकाटीने मोठे यश मिळवले, अशी जी कथा सध्या सांगितली जाते, ती ऐकताना हे शहर हसते.

खटपट्या

सिएटलकर यांचे दुःख रास्त आहे. मात्र ओक्लाहोमा सिटीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. तिथल्या मतदारांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ७१ टक्के मतांनी नव्या स्टेडियमसाठी एक टक्का विक्रीकर चालू ठेवायला संमती दिली. किमान ९०० दशलक्ष डॉलरच्या त्या बांधकामात संघमालकांचा वाटा फक्त ५० दशलक्ष आहे. संघ जाऊ नये म्हणून शहर किती मोजायला तयार होते, हे त्यातून दिसते, आणि तो धाक तुमच्याच अनुभवातून आलेला आहे.

मंजूषा

आतापर्यंतची सगळी चर्चा खेळाडू कुठून आले यावर चालली आहे. हेच खेळाडू का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

डेन्व्हरविरुद्धच्या दुसऱ्या फेरीतला सातवा सामना आठवा. निकोला योकिच जवळजवळ सात फुटांचा आणि त्याच्यासमोर प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनी साडेसहा फुटांपेक्षाही कमी उंचीचा करूसो उभा केला. करूसो योकिचच्या मागे उभा राहून धक्के सोसत बसला नाही. तो त्याच्या पुढ्यात सरकून पासची वाटच अडवत होता, कंबरेत वाकून खालून हात घालत होता आणि चेंडू योकिचच्या हातात स्थिर होण्याआधीच त्यावर थाप मारत होता. पास डोक्यावरून आलाच तर मागे होल्मग्रेन किंवा हार्टेनस्टाइन वाट पाहत असे. योकिच २० गुणांवर थांबला आणि थंडरने तो सामना १२५-९३ असा जिंकला.

आता गिडीकडे या. २०२४ च्या बाद फेरीत डॅलसने त्याला बाहेरून मोकळे सोडले, कारण त्याच्या नेमबाजीची त्यांना भीती नव्हती, आणि मालिका पुढे सरकली तसे डेग्नॉल्ट यांना त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढावे लागले. ती मालिका संपून महिना उलटतो न उलटतो तोच, अवघ्या एकवीस वर्षांच्या त्या खेळाडूच्या बदल्यात तिशीतला करूसो आणला गेला आणि या व्यवहारात एकही पिक देवघेवीत नव्हता. वयाचे गणित उलटे होते, पण संघाला काय हवे आहे याचे गणित बरोबर होते. डोर्ट, वॉलेस, करूसो, जेलन विल्यम्स यांच्यात समान धागा शोधायचा तर तो एकच आहे, की सगळ्यांचे हात वेगवान आहेत आणि कोणालाही लपवावे लागत नाही. सातव्या सामन्यात पेसर्सनी वीसहून अधिक वेळा चेंडू गमावला तो काही योगायोग नव्हे. तिसरे सत्र थंडरने ३४-२० असे जिंकले, तेव्हा निम्मे आक्रमण बचावातूनच निघत होते.

त्यामुळे पिक किती होते यापेक्षा, पिकांतून काय शोधायचे हे ठरलेले होते, हा भाग मला जास्त शिकण्यासारखा वाटतो. पिक तर ह्यूस्टननेही साठवले आणि सॅन अँटोनियोनेही.

चक्रधर

मंजूषा यांचा प्रतिसाद हा या धाग्याचा कणा ठरावा. खटपट्या यांच्या मोजणीलाही त्यातून उत्तर मिळते. गिडी हरण्यातून आला हे उघडच आहे, परंतु बहुतेक संघ स्वतः निवडलेल्या सहाव्या पिकाला चिकटून बसतात, कारण त्याला सोडणे म्हणजे पूर्वीच्या निर्णयावर फुली मारणे असते. थंडरने ते तीन वर्षांत केले. पडत्या काळाने त्यांना कच्चा माल दिला असेल, पण विजेतेपद त्यातला कोणता माल टाकून द्यायचा या निर्णयाने दिले.

हार्टेनस्टाइनचे उदाहरणही तसेच आहे. त्याला तीन वर्षांचे ८७ दशलक्ष डॉलर दिले, तेव्हा ती रक्कम अनेकांना अवाच्या सवा वाटली होती. पण न्यू यॉर्कला नियमांनुसार एवढा पगार देताच येत नव्हता आणि थंडरकडे जागा होती, म्हणून त्यांनी गरजेच्या ठिकाणी ती वापरली. होल्मग्रेन नितंबाच्या हाडाच्या दुखापतीने बरेच सामने बाहेर राहिला, तेव्हा हार्टेनस्टाइन नसता तर ६८ विजय दिसले नसते.

गणिती

नशिबाचा हिशेब अजून पूर्ण मांडला गेलेला नाही, तो मी मांडतो. जेलन विल्यम्स ज्या बाराव्या पिकातून आला, तो पिक बारावा का होता? २०२१-२२ मध्ये लेनर्ड गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण मोसम बाहेर होता. पॉल जॉर्ज कोपराच्या दुखापतीने बरेच महिने खेळला नाही. तरी क्लिपर्स प्ले-इनपर्यंत (बाद फेरीतल्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांपर्यंत) पोहोचले आणि न्यू ऑर्लीन्सविरुद्धच्या निर्णायक सामन्याच्या दिवशीच पॉल जॉर्ज कोविडच्या नियमांमुळे बाहेर बसला. क्लिपर्स हरले आणि त्यांचा पिक लॉटरीत गेला. ते जिंकले असते तर हाच पिक पंधराव्या क्रमांकापर्यंत खाली गेला असता आणि सांता क्लारासारख्या लहान विद्यापीठातून आलेला हा मुलगा तोवर कोणीतरी नेलाही असता.

एका व्यवहारात पॉल जॉर्जने थंडरला शे दिला आणि दुसऱ्यांदा केवळ सामना न खेळून जेलन विल्यम्स दिला. ओक्लाहोमा सिटीत त्याचा पुतळा उभारायला हरकत नसावी.

मृण्मयी_ज

पुतळा उभारावा, परंतु तो सामन्यांच्या दिवशी झाकून ठेवावा, म्हणजे हुबेहूब वाटेल.

रेखांश

गणिती, हे सगळे खरे धरले तरी नशीब साठवता येत नाही, पिक साठवता येतात. पाच पिक आणि दोन अदलाबदली मागण्यामागचा विचारच हा होता की सात वर्षांच्या काळात कधीतरी क्लिपर्सचे खेळाडू जखमी होतील, म्हातारे होतील किंवा भांडतील. एका विशिष्ट रात्री काय होईल हे प्रेस्टी यांना ठाऊक नव्हते, पण अशी एखादी रात्र येईल यावर त्यांनी पैज लावली होती. फीनिक्सने ड्युरंट आणि बीलसाठी नेमकी उलटी पैज लावली, आणि यंदा लीगमधल्या सर्वांत महागड्या संघांत असूनही त्यांना ३६ विजयांवर थांबून बाद फेरीला मुकावे लागले.

अर्धवेळ_प्रेक्षक

मी नियमित पाहणारा नाही, त्यामुळे एक भाबडा प्रश्न विचारतो. शे प्रत्येक वेळी जमिनीवर का पडलेला असतो?

खटपट्या

कारण तिथून फ्री थ्रोची रेषा जवळ पडते.

मंजूषा

विनोद मान्य आहे, पण सामन्यामागे ३२.७ गुणांमध्ये फ्री थ्रोचा वाटा आठेक गुणांचा होता, उरलेले पंचवीस गुण त्याने उभ्यानेच केले. एकाच मोसमात सर्वाधिक सरासरी, नियमित मोसमाचा एमव्हीपी आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी, हे तिन्ही मान मिळवणारे त्याच्याआधी फक्त करीम अब्दुल-जब्बार, मायकेल जॉर्डन आणि शकील ओनील होते. २०१९ मध्ये तो एक वर्षाचा अनुभव असलेला, ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेलेला मुलगा होता. तो इथवर येईल हे कोणीही लिहून दिले नव्हते, आणि क्लिपर्सच्या जागी आपण असतो तर आपणही त्याला दिले असते, हे आज कोणी कबूल करणार नाही.

आडवाट

बांधणीच्या चर्चेत टिकाऊपणाचाही विचार व्हावा. २०१२ मध्ये याच व्यवस्थापनाकडे ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन आणि इबाका होते, सर्व तेविसाच्या आत-बाहेरचे, आणि अंतिम मालिकेत मायामीकडून ४-१ असे हरल्यावर सर्वांनी गृहीत धरले होते की ही तर सुरुवात आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये पगाराच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि हार्डन ह्यूस्टनला गेला. ड्युरंट २०१६ मध्ये गोल्डन स्टेटला गेला. त्या संघाला पुन्हा अंतिम मालिका दिसली नाही.

आता जुलैमध्ये शे, होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स या तिघांचेही करार वाढवले गेले आहेत. शेचा एकट्याचा करार चार वर्षांचा आणि २८५ दशलक्ष डॉलरचा आहे. २०२३ च्या कामगार करारानंतर दुसऱ्या एप्रनची, म्हणजे पगारखर्चाच्या सर्वांत वरच्या टप्प्याची, रेषा ओलांडणाऱ्या संघाला ट्रेडमध्ये पगार एकत्र करता येत नाहीत, आणि पुढचे पिकही गोठतात. २०१९ पासून सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले. या वेळी फरक इतकाच दिसतो की डोर्ट किंवा हार्टेनस्टाइन परवडेनासे झाले तर त्यांच्या जागी स्वस्त पर्याय उभे करायला पिक शिल्लक आहेत. यंदाच्या ड्राफ्टमध्ये विजेत्या संघाने पंधराव्या क्रमांकावर टॉमस सॉर्बर निवडला आणि गेल्या वर्षीचा बारावा पिक निकोला टोपिच गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२४-२५ च्या मोसमात एकही सामना खेळला नाही.

सिएटलकर

हार्डनला घालवले तेव्हा आमच्याकडे दिवाळी झाली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

चक्रधर

मूळ प्रश्नाकडे वळतो. इतके प्रतिसाद वाचल्यावर माझे म्हणणे असे आहे की पडता काळ या बांधणीत होता, पण तो पाया नव्हता. पाया २०१९ चा व्यवहार होता, आणि तो व्यवहार शक्य झाला कारण त्या वेळी थंडरकडे पॉल जॉर्जसारखा खेळाडू होता, जो हरणाऱ्या संघांकडे नसतो. नुसते हरणाऱ्याला कोणी पाच पिक देत नाही.

खटपट्या

आणि माझे म्हणणे असे की पाच पिक मिळाल्यावर लगेच जिंकायची घाई न करता दोन मोसम लाज गिळून बसले, म्हणून त्या पिकांचा उपयोग झाला. त्याआधी ख्रिस पॉलला घेऊन ते २०१९-२० मध्ये ४४ सामने जिंकलेच होते. त्याच वाटेने गेले असते तर आज पाचव्या-सहाव्या क्रमांकावर समाधान मानत बसले असते. होल्मग्रेनने सातव्या सामन्यात पाच फटके अडवले, ते दुसऱ्या पिकाशिवाय कोणी अडवले असते?

इंडियानाकर

तुम्हा दोघांचा वाद मिटेल असे वाटत नाही, म्हणून आमची ताजी स्थिती सांगतो. हॅलिबर्टन २०२५-२६ चा संपूर्ण मोसम खेळणार नाही असे संघाने जाहीर केले आहे आणि टर्नर मिलवॉकीला निघून गेला आहे. पुढच्या वर्षी आम्ही साठ सामने हरलो तर कृपया त्याला टँकिंग म्हणू नये, ती केवळ परिस्थिती असेल.

खटपट्या

इंडियानाकर, तुमचा २०२६ चा पहिल्या फेरीतला पिक न्यू ऑर्लीन्सकडे होता आणि तो तुमच्या व्यवस्थापनाने अंतिम मालिका चालू असतानाच परत मिळवला. परिस्थितीने तुम्हाला आगाऊ कळवले होते असे दिसते.